जागा भरली आहे

मीठदाणीच्या एका बाजूला माझा फोन,
दुसऱ्या बाजूला बाबांचं जीपीएस:
पिवळं, साबणाच्या वडीसारखं जाड,
कोपऱ्याला चिकटपट्टी,
बटणांवरची अक्षरं अंगठ्यानं झिजलेली.
"एकच ने, थेडा. दोन्ही नेशील
तर दोघांची भांडणं सोडवत बसशील."

मी फोनची बाजू मांडली.
लेम्हीची सगळी डोंगररांग उतरवून घेतलीय त्यात,
सरकारी रान कुठे संपतं, हॅगर्टीचं कुंपण कुठे लागतं,
जांभळी रेघ दिसते, बाबा,
गेल्या उन्हाळ्यात जळालेला पट्टासुद्धा दिसतो.
त्यांनी सगळं ऐकून घेतलं.
"हातमोजा घालून चालतो?"
नाही.
"आणि ओल्या बर्फात?"
काचेवर कण पडला की नकाशा आपला आपणच सरकतो,
हे मी सांगितलं नाही.
गुडघ्यांवर पांघरूण ओढून ते खिडकीकडे बघत राहिले.
यंदा पहिल्यांदाच ते येणार नव्हते.

मी दोन्ही नेले.
फोन बनियनच्या आत, पोटाशी, कोंबडीच्या पिल्लासारखा.
जीपीएस पट्ट्याला, उघड्यावर,
त्याला थंडीचं काही नव्हतंच.

तिसऱ्या दिवशी, उजेड सरता सरता, एल्क पडला.
सहा फाट्यांची शिंगं, एक फाटा जुन्या झुंजीत मोडलेला.
मी बराच वेळ त्याच्या मानेवर हात ठेवून बसले.
मग कामाला लागले; अंधार कुणासाठी थांबतो?
दोन तंगड्या झाडाला टांगल्या, बाकी उद्या.
उद्या परत इथेच यायचं
तर खूण हवी.
फोन काढला: एक्केचाळीस टक्के.
बोटावरचं रक्त काचेला लागलं, पुसलं,
आणि पुसता पुसताच तो काळा पडला.
एक्केचाळीसवरून सरळ शून्य.

जीपीएसचं बटण दाबलं. हातमोजा घालूनच.
हिरवट पडद्यावर चार शब्द:
जागा भरली. खूण पुसा.

पाचशे खुणा. सगळ्या बाबांच्या.
झरा.
झरा आटला.
अस्वल.
इथे नाही.
इथेही नाही.
डुलकी.
मार्था घसरली.
(आईनं हे कधी सांगितलं नव्हतं.)
गाडी.
इथे नाही, पण वास.
टॉर्च दातांत धरून मी एकेक ओळ खाली जात होते,
आणि मागे कुठेतरी मांसाचा वास
वाऱ्यावर माझ्याआधी घरी निघाला होता.
एक तरी पुसायलाच हवी.
झरा पुसणार नव्हते. डुलकी तर नाहीच.
गाडी पुसली.
ती गाडी विकून अकरा वर्षं झाली,
ती कुठे उभी केली होती याच्याशी आता कुणाला काय?
तिच्या जागी लिहिलं: थेडा.

चार खेपा लागल्या. खांद्यांवर पट्ट्यांचे वळ उठले.
रविवारी टेबलावर मी जीपीएस परत ठेवलं
आणि सांगून टाकलं.

"कुठली?"
गाडी.
बाबा आधी हसले, मग हसायचे थांबले.
"गाडी तिथं कशी जाईल? कड्याखालची जागा ती.
ड्युएन यंत्र उसनं मागायचा दर वर्षी,
म्हणून गाडी लिहून ठेवलं.
अठरा मोसम, थेडा. एकदाही रिकामा आलो नाही."

मी फोन पुढे केला, नकाशा उघडून.
दाखवा तरी.
त्यांनी तडकलेल्या नखाचं बोट टेकवलं,
नकाशा सरकला.
पुन्हा टेकवलं. आम्ही दुसऱ्याच खोऱ्यात.
"हे बघ, मघाशी माहीत होतं मला," म्हणाले,
आणि मीठदाणी ओढून टेबलावर उपडी केली.
बोटानं धार ओढली, धारेखाली कडा,
कड्याला दोन चिमटी दाट फरची झाडं,
एक खडा उचलून ठेवला, जरा विचार करून
थोडा डावीकडे सारला.
"अंदाजे," म्हणाले.

मी फोटो काढला.
नऊ टक्के उरले होते.